पसंत एके पसंत

दीनानाथ भुस्कुट्यांच्या जिभेचं वर्णमालेतल्या एका अक्षराशी जन्मापासून वाकडं होतं. ते अक्षर म्हणजे 'प'. बाकीची अक्षरं थोडीफार कुरकुर करत का होईना, तोंडाबाहेर पडत. 'प' मात्र दोन्ही ओठांच्या दाराला आतून कडी घालून बसायचा. आणि देवाची गंमत बघा, अशा माणसाला त्याने राहायला गाव दिलं पनवेल, सासुरवाडी दिली पेणची, हिशेबनिसाची नोकरी लावली पाताळगंगेच्या एका रंगाच्या कारखान्यात, आणि तिथे जायच्या वाटेवर पुन्हा पळस्पे नावाचा नाका ठेवला. महिनाअखेरीला हातात पडायचा तो पगार. म्हणजे कुठे जायची सोय नाही आणि मिळालं ते सांगायचीही सोय नाही!

मुंबईहून घरी येताना एसटीच्या कंडक्टरने "कुठे?" विचारलं की भुस्कुटे बोट पुढे करून म्हणत, "शेवटचं." एकदा ती गाडी निघाली महाडची. भुस्कुट्यांनी महाडचं तिकीट निमूट खिशात घातलं आणि पनवेलला उतरले. घरी आल्यावर सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, तर हे म्हणतात, "अगं, क-कंडक्टर फार सज्जन. म्हणाला, उतरायचं असेल तर उतरा, मी महाडला तुमची वाट बघणार नाही."

पण पनवेलच्या माणसांची एक रीत होती. भुस्कुट्यांचं अडकलेलं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. वाण्याच्या दुकानात ते "प..." म्हणून थांबले, की वाणी पोहे, पापड, पणत्या असे अंदाज मनातल्या मनात बांधायचा, पण हात तागडीवर ठेवून गप्प उभा राहायचा. मागचं गिऱ्हाईकही गप्प. न्हावी वस्तरा वरच्यावर धरायचा. ही सभ्यता गावाला कुणी शिकवली, तर ओगलेबाईंनी.

चौथीत असताना दीनाला सगळ्यांनी ढ ठरवून टाकलं होतं. विचारलेल्याचं उत्तर नाही, म्हणजे येतच नाही, असा सरळ हिशेब. एका संध्याकाळी शाळेत परवचा चालला होता आणि ओगलेबाईंच्या लक्षात आलं, की त्या गलक्यात एक आवाज घंटेसारखा खणखणीत लागतोय. "एकोणीस चोक शहात्तर, एकोणीस पाचे पंच्याण्णव!" बघतात तर दीना. पाढ्याचा ठेका लागला की त्याची जीभ आगगाडीसारखी धावायची, 'पाचे' आणि 'पंच्याण्णव' या दोन स्टेशनांवरसुद्धा न थांबता. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी त्याला परवचा सांगायला पुढे उभं केलं आणि वर्गाला बजावलं, "दीना बोलायला लागला की थांबायचं. त्याचं उत्तर वाटेत असतं." त्या वर्गातली निम्मी पोरं पुढे पनवेलातच वाणी, न्हावी, डॉक्टर आणि पोस्टमन झाली आणि बाईंचा नियम आपोआप गावाला लागू झाला. भुस्कुटे अजूनही शिक्षक दिनाला बाईंच्या घरावरून जाताना चपला काढत. बाई मुलाकडे नाशिकला गेल्या, घरात भाडेकरू आले, तरी काढत. भाडेकरूला वाटायचं, या माणसाच्या चपला फार चावतात.

अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यात पहिला संगणक आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, आणि आत जायचं ते जोडे बाहेर काढून. पगारपत्रक त्याच्यावर करायचं ठरलं, म्हणून साहेबांनी हिशेबनिसाला आत बोलावलं, आणि भुस्कुटे पहिल्या दिवशीच त्या यंत्राच्या प्रेमात पडले. कारण सोपं होतं. त्याला प्रश्न विचारला की तेही लगेच उत्तर द्यायचं नाही. पडद्यावर एक बारीकशी रेघ लुकलुकत राहायची. आणि त्याला कुणी हसायचं नाही! मोठेमोठे साहेब हाताची घडी घालून अदबीने थांबायचे. आपल्या जातीचं कुणीतरी एवढ्या मानाने एसीत बसलंय, हे बघून भुस्कुट्यांचा ऊर भरून आला.

थांबायच्या त्या वेळात ते सवयीने पाढे पुटपुटत. बे एके बे पासून सुरुवात. कारखान्याचा तो पहिला संगणक पगाराचा हिशेब लावेपर्यंत गाडी एकोणिसाच्या पाढ्यावर जायची. पुढे नवा आला, तो तेराच्या पाढ्यातच उत्तर देऊन मोकळा झाला. त्यानंतरचा, ज्याला सगळे फोर-एटी-सिक्स म्हणत, तो तर पाचाच्या पाढ्यात! आणि असा भुस्कुट्यांना संगणकाचा वेग मोजायचा गज सापडला. कारखान्याच्या पगारपत्रकाची एक फ्लॉपी त्यांनी साहेबांच्या परवानगीने जवळ ठेवली. कुणी नवा संगणक घ्यायला निघालं की भुस्कुटे फ्लॉपी खिशात घालून जात, ती यंत्रात सारत, डोळे मिटत आणि पाढे सुरू करत.

हळूहळू गावात त्याचीच भाषा झाली. पतपेढीचे चेअरमन कॉलर ताठ करून सांगत, "आमचा पाचाचा आहे." शाळेचे हेडमास्तर खालच्या आवाजात कबुली देत, "आमचा अजून तेराचाच. ग्रँट नाही." आणि यंत्र बघायला भुस्कुट्यांना न्यायचं, ते अगदी स्थळ बघायला वडीलधाऱ्याला नेतात तसं. तेही तसेच वागत. आधी चार बाजूंनी नुसतं बघायचं, पाठीवरून हात फिरवायचा, दोन प्रश्न विचारायचे, पोहे खायचे आणि मग सांगायचं. संगणकाच्या प्रोसेसरला ते 'डोकं' म्हणत. एक तर काम तेच, आणि दुसरं म्हणजे प्रोसेसर 'प'ने सुरू होतो. "ड-डोकं चांगलं आहे. घरात घ्यायला हरकत नाही," एवढं म्हटलं की सौदा पक्का. सुनंदाबाई म्हणत, "माझ्या भावाच्या वेळी बोलावलं होतं, तर डोकं दुखतंय म्हणालात. लोकांच्या डब्यांची डोकी बघायला बरे जाता!"

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांना बोलावणं आलं ते वसुंधराचं. लाइन आळीतली ही तिशीची मुलगी, भुस्कुट्यांच्या जुन्या शेजाऱ्यांची लेक. इमारतींचे नकाशे काढायची. दादरच्या एका आर्किटेक्टकडची नोकरी सोडून तिने घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. तिचा संगणक तेराचा. नकाशातली एखादी खोली मोठी करून बघायची म्हटली की पडदा सगळा कोरा व्हायचा आणि एकेक भिंत नव्याने उगवायची. याला म्हणायचं 'रीजन'. रीजन होईस्तोवर वसुंधरा आत जाऊन चहा टाकायची. तिच्याकडे आलेल्याला हमखास चहा मिळायचा, तो अगत्यामुळे थोडा आणि संगणकामुळे जास्त.

तिला कोन गावाजवळच्या एका मोठ्या बंगलेवस्तीचं काम मिळालं होतं. घरं ढीगभर, आणि प्रत्येक घरमालकाचा हट्ट वेगळा. कुणाला देवघर ईशान्येला हवं, कुणाला समोरच्याच्या देवघरापेक्षा मोठं हवं. नकाशे संक्रांतीच्या आत द्यायचे होते. तेराच्या पाढ्याने ते पुढच्या संक्रांतीलाही झाले नसते.

"काका," वसुंधरा म्हणाली, "पेंटियम मिळतोय. यंदाचा सगळ्यात वरचा. मुंबईचा दुकानदार दोन दिवस पसंतीवर द्यायला तयार आहे. सोमवारी सकाळी हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर पुढचा माल फेब्रुवारीत, म्हणजे काम गेलंच. आणि हो म्हटलं आणि तो खोटा निघाला, तरी गेलंच."

खोटा म्हणजे असं, की त्या दिवसांत खालच्या दर्जाची चिप घासून तिच्यावर वरचा नंबर छापणारी बिलंदर माणसं बाजारात होती, असं जो तो सांगायचा. वरून बघून कळायचं नाही.

"मी हे मोजून-मापून काही ठरवणार नाही," वसुंधरा पुढे म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर ठेवीन. नाही म्हणालात तर दादरला जाऊन विचारीन, सर, माझं टेबल आहे का अजून?"

ती हसून म्हणाली, पण भुस्कुट्यांनी खिशातली फ्लॉपी एकदा चाचपून बघितली. आजवर त्यांनी पतपेढी बघितली होती, शाळा बघितली होती. कुणा एकट्या माणसाचं पोट असं त्यांच्या पाढ्यांवर येऊन कधी बसलं नव्हतं.

शनिवारी संगणक आणायला गेला देवजी. ओवे गावचा देवजी, स्वतःचा टेम्पो, आणि दर वर्षी गणपतीत पेणहून मूर्ती आणायचं काम त्याच्याकडे. इतक्या वर्षांत एका मूर्तीच्या करंगळीचा टवका उडाला नव्हता, हे तो सांगायचा आणि खरंही होतं. संध्याकाळी टेम्पो लाइन आळीत आला, मागचं फळकूट पडलं, आणि वसुंधरा बघतच राहिली. टेम्पोभर नव्या भाताचा पिवळाधमक पेंढा. त्यात गळ्यापर्यंत रुतून बसलेला संगणक. आणि मॉनिटरच्या तोंडावर लाल रुमाल.

"देवजीदादा, हे काय?"

"मंग? कलंबोलीचे खड्डे बगितलाव का तुमी? पेनचा माल हाय, पेंढ्याशिवाय कसा आनायचा?"

"पेणचा?"

"तुमीच बोललाव नं, पेनटियम. आता पेनवाले गनपतीच्या जोडीला ह्ये पन बनवाया लागले, मना काय ठाव?" आणि वसुंधराने रुमालाला हात घातला तसा तो दचकला. "ताई, रुमाल नका काढू! जाग्यावर बसवल्याबिगर तोंड उघडायचा नाय."

तेव्हा पेंटियमचं तोंड टेबलावर स्थापना झाल्यावरच उघडलं. काच शाबूत, डबा शाबूत, कुठे ओरखडा नाही. कंपनीचा खोका न देणाऱ्या त्या दुकानदारापेक्षा देवजीला यंत्राची काळजी जास्त होती, हे वसुंधराने त्याला सांगितलं आणि देवजी जो खूश झाला, तो "रविवारी येतो, नापसंत जाला तं परत न्ह्यायला," असं तोंड भरून आश्वासन देऊन गेला.

रविवारी सकाळी भुस्कुटे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. यंत्राला चार बाजूंनी बघितलं. फ्लॉपी सारली. डोळे मिटले.

"बे..." भुस्कुटे म्हणाले आणि थांबले.

वसुंधरा पनवेलची. ती अदबीने थांबली. ओगलेबाईंचा नियम तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेला. तिने खिडकीबाहेर बघितलं, टेबलावरची पट्टी सरळ केली, पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. काकांचं पुढचं काही येईना.

"बे," भुस्कुटे पुन्हा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले होते आणि ते पडद्याकडे बघत होते. "अगं, झ-झालं. बे म्हणेपर्यंत झालं. 'एके'सुद्धा नाही."

पगारपत्रक अख्खं पडद्यावर लागून वाट बघत होतं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा बे. कोनच्या वस्तीचा नकाशा उघडला, तोच, जो उगवेपर्यंत चहा उकळून गाळून व्हायचा. पडदा कोरा झालेला दिसलाच नाही. वसुंधरा आनंदाने टाळी वाजवणार, तोच तिला काकांचा चेहरा दिसला. भुस्कुटे हरवल्यासारखे बसले होते. आयुष्यभर कापड मोजलेल्या शिंप्याला कुणी खसखशीचा दाणा आणून द्यावा आणि म्हणावं, घ्या माप, तसं झालं होतं. खरा असो की खोटा, दोघंही बे म्हणायच्या आत उत्तर देणार. मग फरक ओळखायचा कशावरून? त्यांचा गजच संपला होता.

दुपारी जेवायला आले नाहीत म्हणून सुनंदाबाई डबा घेऊन तिथेच आल्या. नवरा आणि वसुंधरा दोघंही तोंड पाडून बसलेले बघून त्यांना आधी वाटलं, कुणी गेलं की काय. वसुंधराने सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" डबा उघडत सुनंदाबाई म्हणाल्या. "बाई एक चपाती झटक्यात लाटते, म्हणून कुणी तिला लग्नघरच्या स्वैपाकाला बोलावतं का? तुम्ही त्याला एकेक घास भरवून काय बघताय? पंगत वाढायला लावा. पहिल्या पंगतीला कुणीही हसतं. तिसऱ्या पंगतीला वाढणारीच्या कपाळावर आठी येते का, ते बघायचं."

भुस्कुट्यांनी बायकोकडे अशा नजरेने बघितलं, की सुनंदाबाई चक्क लाजल्या आणि "भाजी निवतेय," म्हणाल्या.

वसुंधराने लगेच व्यवस्था केली. कोनचे सगळे बंगले एकामागून एक उघडायचे, प्रत्येकाची भिंत न् भिंत पुन्हा काढायची, शेवटचा झाला की पहिल्यापासून पुन्हा, आणि मधे कुणी हात लावायचा नाही. पंगत बसली. बंगले पडद्यावर सरसर येऊ लागले. भुस्कुट्यांना मोकळा वेळ मिळाला, तसे त्यांचे पाढेही सुरू झाले. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. सुनंदाबाई जेवता जेवता दाद देत होत्या, "हा जिना छान आहे हो. हा मात्र फारच अरुंद, इथून कपाट कसं नेणार?"

आणि त्याच अरुंद जिन्यावर पेंटियम थांबला. अर्ध्या पायऱ्या निघालेल्या, अर्ध्या नाहीत. की-बोर्ड दाबून बघितला, माउस हलवून बघितला. ढिम्म. वसुंधराने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी पंगत त्याच्याही अलीकडे अडली. तिसऱ्यांदा तर पहिल्या चार पानांतच.

तेवढ्यात देवजी आला आणि दारातूनच सगळ्यांचे चेहरे बघून त्याने पायातली वहाण हळूच काढली.

"तापल्यावर थकतोय," अखेर वसुंधराच म्हणाली. "खोट्या चिपेचं हेच लक्षण सांगतात ना, काका? थोडा वेळ वरच्या नंबरचा आव आणायचा आणि मग मान टाकायची."

भुस्कुट्यांनी मान डोलावली. वसुंधराने फोन पुढे ओढला, तसा त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "नको. नकार म-मी दिलाय. सांगणार मी." मुलीकडच्यांना नाही कळवायची वेळ आली की ते घरातल्या थोरल्याने कळवायचं असतं, धाकट्यांच्या तोंडी ते काम द्यायचं नसतं. फोन म्हणजे भुस्कुट्यांचा जन्माचा वैरी. समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, मग त्याने थांबावं कशाच्या भरवशावर? तरी त्यांनी दुकानदाराच्या घरचा नंबर फिरवला.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला.

"मी भ-भुस्कुटे. प... ते यंत्र. ते आम्ही प..."

कडी बसली. 'परत' म्हणायचं होतं. वसुंधराला वाटलं, काकांचा विचार बदलला, 'पसंत' म्हणतायत. दुष्टपणा बघा भाषेचा! नकार द्यायचा तरी 'प', होकार द्यायचा तरी 'प'. तिघंही जागच्या जागी खिळून भुस्कुट्यांच्या ओठांकडे बघत राहिले. वसुंधराचं सगळं ऑफिस त्या मिटलेल्या ओठांच्या मागे उभं होतं. पलीकडचा माणूस मुंबईचा, त्याने दोनदा "हॅलो, हॅलो" केलं आणि ठेवून दिला. पनवेलचे तिघं मात्र थांबले. कुणी हललं नाही, कुणी शब्द सुचवला नाही. खोलीत एवढी शांतता झाली, की अडलेल्या संगणकाच्या पोटातला आवाज ऐकू यायला लागला.

टक. रर्र... टक. टक. रर्र... टक.

भुस्कुट्यांनी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि मान तिरकी केली. डोळे मिटले. वसुंधराला वाटलं, फोनचं अपयश मनाला लागलं. पण भुस्कुटे ऐकत होते. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. जगात दुसऱ्या कुणाच्या नसेल एवढा ओळखीचा. काहीतरी फिरू बघतंय, जोर लावतंय, आणि दर खेपेला एकाच जागी अडखळतंय.

"वसुंधरा," ते म्हणाले, आणि हे त्यांना अगदी सलग म्हणता आलं, "हा ढ नाही. हा अडखळतोय."

"म्हणजे?"

"डोकं चांगलं आहे गं. घशात काहीतरी अडकलंय. बंद कर. उघड."

वसुंधराने वायर काढली, डब्याचं झाकण उघडलं. आत चिपेच्या डोक्यावर बिस्किटाएवढा पंखा होता, डोकं थंड ठेवायला ठेवलेला. आणि त्याच्या पात्यात भाताच्या पेंढ्याची एक काडी, मधोमध मोडून, आडवी बसली होती. डब्याला मागून एक फट उघडी राहिली होती, तिथून शिरलेली. पंखा फिरायला जाई, काडीला अडे, डोकं तापत जाई आणि बिचारा पेंटियम जिन्याच्या मधेच बसे.

सुनंदाबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून दिला. भुस्कुट्यांनी काडी अशी अलगद काढली, की जणू एखाद्या लेकराच्या घशातून माशाचा काटा काढतायत. देवजीचा चेहरा पडला होता.

"म्हंजी माजाच पेंढा?"

"देवजी," भुस्कुटे म्हणाले, "त-तुझं ते गवत नसतं तर कळंबोलीच्या खड्ड्यांत याचं डोकं फुटलं असतं. काडी काढता येते. ड-डोकं सांधता येत नाही."

झाकण लावलं. यंत्र चालू केलं. पंखा एका लयीत घोंघावू लागला, ओगलेबाईंच्या वर्गातल्या परवच्यासारखा. पंगत बसली. पहिली उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. अरुंद जिना दर वेळी आला आणि दर वेळी पुरा झाला. सुनंदाबाईंनी प्रत्येक वेळी "याच्यातून कपाट जायचं नाही," हे सांगितलं. उन्हं कलली तरी पेंटियमच्या कपाळावर आठी नाही. भुस्कुट्यांनी डब्यावर हात ठेवून बघितला. ताप नव्हता.

त्यांनी पुन्हा फोन लावला. वसुंधरा टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"हॅलो!" पलीकडून आवाज आला, जरा वैतागलेला.

"मी भुस्कुटे. यंत्र आम्हाला प..."

पुन्हा तेच. ओठ मिटले, कडी बसली. मुंबईच्या माणसाने सुस्कारा टाकलेला इथपर्यंत ऐकू आला. आता तो ठेवणार. भुस्कुट्यांनी घाईने इकडे तिकडे बघितलं, त्यांचं लक्ष घोंघावणाऱ्या डब्याकडे गेलं, आणि मग त्यांनी डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि चौथीच्या वर्गासमोर उभं राहिल्यासारखे ते गरजले,

"पसंत एके पसंत! पसंत दुणे पसंत! पसंत त्रिक पसंत!"

शब्दाला कुठे खरचटलंसुद्धा नाही. सुनंदाबाईंच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं आणि त्या हसायलाही लागल्या. "अहो, पुरे! दाहेपर्यंत नेऊ नका!"

फोनमधून दुकानदाराचा बदललेला, मधाळ आवाज आला, "तीन पीस का, साहेब? तीन पाठवू?"

"एकच!" वसुंधराने झडप घालून रिसीव्हर घेतला. "एकच हो, एकच! तो आमच्याकडेच राहणार आहे!" आणि फोन ठेवून ती वाकली, ती भुस्कुट्यांच्या पाया पडायला. भुस्कुटे गडबडून मागे सरकले आणि म्हणाले, "म-माझ्या नको. मी काय केलं? तुम्ही सगळे थांबलात."

देवजी अजून घुटमळत होता. "भाऊ, म्हंजी माल चांगला हाय ना पेनचा?"

वसुंधराने तोंड उघडलं, पण भुस्कुट्यांनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. मग दम घेतला, ठेका धरला आणि देवजीला सांगितलं, "पेण एके पेण!"

"तरी बोललो मी!" म्हणत देवजी टेम्पोकडे गेला, आणि येताना समोरच्या कुंपणावरची जास्वंद घेऊन आला. ती त्याने पेंटियमच्या डोक्यावर ठेवली. तिथे ती सुकेपर्यंत राहिली.

कोनचे नकाशे संक्रांतीच्या आत गेले. अरुंद जिना वसुंधराने जाता जाता रुंद करून टाकला. आज त्या बंगल्यात कपाट विनासायास वर जात असेल, आणि ते कुणाच्या कृपेने, हे त्या मालकाला माहीत नाही. दादरच्या टेबलाची चौकशी करायची वेळ आली नाही. उलट लाइन आळीतल्या खोलीत आणखी एक टेबल आलं. गावात कुणी विचारलं, "तुमचा कितीचा?" तर वसुंधरा म्हणायची, "बे." आणि सगळे आदराने पुढचं ऐकायला थांबायचे.

एक तक्रार मात्र सगळीकडून यायला लागली. पेंटियम आल्यापासून वसुंधराकडे चहा मिळत नाही. नकाशा उगवायला वेळच लागत नाही, मग चहा टाकायचा कधी?

भुस्कुट्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पाढ्यांना आता संगणकाच्या बाजारात काम उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं असेल म्हणावं, तर रविवारी संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून हौसेने यायचे, डब्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, कान लावून पंख्याची लय ऐकायचे आणि खुर्चीत बसायचे. वसुंधरा सगळं काम बाजूला ठेवून आत जायची आणि आधण ठेवायची. बाहेरच्या खोलीतून खणखणीत आवाज यायचा. "बे एके बे, बे दुणे चार..." ती साखर घालायची, आलं ठेचायची, दूध ओतायची. घाई करायची नाही. कप घेऊन ती दारात यायची तेव्हा काका तेरावर आलेले असत, आणि ती पाढा पुरा होईपर्यंत तिथेच उभी राहायची.